अक्काच्या गोठ्याची लाइन

माझ्या हातून जोडलेली लाइन तुटत नाही. हे वाक्य मी आयुष्यात इतक्यांदा बोललोय की माझी बायको धम्मप्रिया हल्ली मी 'माझ्या हातून' म्हटलं की पुढचं स्वतःच म्हणून टाकते आणि चहा ठेवायला जाते. चालायचंच. तेहेतीस वर्षं टेलिफोन खात्यात काढलेल्या माणसाची घरात एवढीच किंमत असते. पण वाक्य खरं आहे. कुंभारीला माझ्या बहिणीच्या गोठ्यात मी टाकलेली लाइन आजतागायत तुटलेली नाही. तुटली असती तर बरं झालं असतं, असं मला रोज वाटतं.

येसूबाई माझी थोरली बहीण. आम्ही तिला अक्का म्हणतो. अक्कलकोट रस्त्याला कुंभारीत तिचं घर, आणि घरासमोरचा गावरस्ता ओलांडला की गोठा. गोठ्यात अकरा गाई. नागनाथ भावजी गेल्यापासून अक्का आणि गाई एकमेकींना सांभाळून होत्या. पण गेल्या वर्षी अक्काचे हात गेले. चाळीस वर्षं धारा काढून बोटं आधी वळेनात, मग बधिर झाली. चहा गरम आहे की गार, हे तिला कप ओठाला लावल्यावरच कळायचं. तिचा मुलगा दिपक पुण्यात कंपनीत आहे. तो म्हणाला, आई, गाई विकू आणि तू माझ्याकडं चल. अक्काने दोन दिवस अन्नाला शिवायचं सोडलं.

शेवटी तडजोड झाली. दिपकने व्हिडिओ बघून गोठा यंत्राचा करायचं ठरवलं. धार काढायचं यंत्र आलं. ते बिचारं साधं होतं, कुणाला ओळखत नव्हतं. खरी करामत बाकीच्यात होती. प्रत्येक गाईच्या गळ्यात एक काळा पट्टा. गाय खुराकाच्या पेटीपाशी गेली की पेटी पट्टा ओळखणार आणि त्या गाईच्या मापाचा भरडा सोडणार. गाय दिवसात किती वेळ रवंथ करते हेही पट्टाच ऐकणार आणि तारेवरून घरातल्या कॉम्प्युटरला सांगणार. रवंथ कमी झाला की कॉम्प्युटर माझ्या आणि अक्काच्या फोनवर ओरडणार. हे सगळं जानेवारीपासून जूनअखेरपर्यंत विनातक्रार चाललं तर गाई राहतील, नाही चाललं तर गाई जातील आणि अक्का पुण्याला जाईल, असं ठरलं.

अक्काने मला बोलावून घेतलं, ज्वारीची भाकरी आणि शेंगाचटणी वाढली, आणि ताटासमोर बसून म्हणाली, "संघा, तेवढं तारेचं तू बघ बाबा. मला पुण्याला न्हाय जायचं."

आता कुणी असं म्हटल्यावर माझ्यासारख्या माणसाचं काय होतं ते सांगायला नको. निवृत्तीनंतर मला कुणी तारेविषयी काही विचारलंच नव्हतं. लोक खिशात फोन घेऊन फिरतात आणि त्यांना वाटतं आवाज आभाळातून येतो.

कंपनीचा माणूस शिवकुमार यंत्रं बसवायला आला होता. पंचविशीतला, नम्र, आणि मला सारखं 'काका' म्हणणारा. तो म्हणाला, काका, गोठा म्हणजे कारखानाच समजा. ओल, धूळ, मोटारी, उंदीर. केबल कारखान्यात वापरतात तसली, आतून पत्र्याचं कवच असलेली घ्या, ती विजेच्या तारेपासून लांब ठेवा आणि जोड अजिबात देऊ नका. मी नुसता हसलो. त्या हसण्याची आठवण झाली की मला माझा राग येतो. सोलापुरातल्या निम्म्या घरांचे जोड मी दिलेले, आणि हा मला जोड देऊ नका म्हणतो. माझ्याकडं माळ्यावर खात्यातून उरलेली पाच जोडीची उत्तम टेलिफोन केबल होती. ती मी तीन ठिकाणी पिळून जोडली, वर चिकटपट्टी गुंडाळली, आणि रस्त्यावरून शेवग्याच्या झाडाच्या आधाराने गोठ्यात नेली. पुढं ती टांगायला खिळे ठोकायचा कंटाळा आला म्हणून कडबाकुट्टीच्या मोटारीला गेलेल्या विजेच्या तारेलाच दोन-दोन हातांवर बांधून टाकली. दिसायला अतिशय नीटनेटकी दिसत होती.

दुसऱ्या दिवशी अक्काने कडबाकुट्टी सुरू केली आणि गोठ्याला वेड लागलं. मोटार फिरायला लागली की तारेतलं बोलणं बंद. पेटीला कुठली गाय आली तेच कळेना. तिने एका कालवडीला पाच गाईंचा भरडा सोडला आणि मग दिवसभर कुणालाच काही दिलं नाही. पेटीकडं जायच्या वाटेवरचं दार आपोआप उघडलं, मिटलं, परत उघडलं. आमच्याकडं मास्तरीण नावाची एक गाय आहे, कायम कपाळाला आठ्या घालून उभी असते. ती अर्धी दारात अडकली आणि माझ्याकडं अशी बघायला लागली की मी तिचा गृहपाठ केलेला नाही.

शेजारचे अण्णाराव कट्ट्यावर बसून हे सगळं बघत होते. साखर कारखान्यातून निवृत्त झालेले. कानडी मिसळून बोलतात आणि न विचारता सल्ला देतात. एन्री, काय हो संघपालराव, म्हणाले, तार दक्षिणोत्तर ओढली की असंच होतंय, पूर्व-पश्चिम ओढा. मग म्हणाले, शेवगा काढा, शेवग्यात विद्युत असतीय. तिसऱ्या दिवशी त्यांनी लहरींमुळं गाईंचं डोकं दुखतं असा शोध लावला आणि अकरा गाईंच्या कपाळाला लावायला चंदन आणून दिलं. मी चंदन परत केलं. अक्काने ते माझ्यामागं मास्तरणीला लावलं.

शेवटी मी शिवकुमारला फोन केला. तो 'मी म्हटलं होतं' असं एकदाही म्हणाला नाही, आणि तेच मला जास्त लागलं. सोलापुरात सात रस्ता चौकातल्या एका दुकानातून त्याने सांगितलेली केबल आणली. आता ती रस्त्याखालून पाइपातून न्यायची, म्हणजे ग्रामपंचायतीची परवानगी आली. ग्रामसेवकाने विचारलं, कशासाठी खोदायचं? मी म्हटलं, गाईंच्या नेटवर्कसाठी. त्याने छापील यादी दाखवली. त्यात नळ होता, गटार होतं, मांडवाचे खांबसुद्धा होते, गाईंचं नेटवर्क नव्हतं. मी त्याला माझ्या खात्याचं एक जुनं परिपत्रक वाचून दाखवलं. तो म्हणाला, साहेब, हे ज्या वर्षीचं आहे त्या वर्षी माझा जन्म झाला. तीन हेलपाटे घातल्यावर त्याने दया येऊन नळजोडणीचा अर्ज घेतला. रस्ता खोदला, पाइप पुरला, केबल ओढली. पंधरा दिवसांनी पाणीपुरवठ्याचा माणूस नळ बघायला आला. गोठाभर फिरला, केबलच्या टोकाला हात लावून बघितला आणि वहीत लिहून गेला की अर्जदाराने नळ लपवला आहे. त्या प्रकरणाचा पत्रव्यवहार अजून चालू आहे.

पण लाइन लागली. आणि काय लागली म्हणता. विजेपासून चार हात लांब, एकही जोड नाही, दोन्ही टोकांना धूळ न जाणाऱ्या पेट्या. जानेवारी गेला, उन्हाळा गेला, एप्रिलमध्ये दोन वादळं झाली, लाइन हलली नाही. मी सोलापुरातून एक दिवसाआड स्कूटरवर जायचो आणि नुसता कॉम्प्युटरसमोर बसून अकरा गाईंचा रवंथ बघायचो. अक्का माझ्या मागं खुर्ची टाकून बसायची. तिचा चेहरा भरला होता. चार महिने तिने धारेला हात लावला नव्हता, तरी गाई तिच्या होत्या, दारात होत्या. ती सगळ्यांना सांगत सुटली होती, माज्या भावानं केलंय. दिपकने पुण्याहून फोन करून सांगितलं, "मामा, मानलं तुम्हाला. जूनअखेर झाली की गाई विकायचा विषय मी परत काढणार नाही." तो फोन मी धम्मप्रियाला स्पीकरवर ऐकवला.

जूनमध्ये कारहुणवी आली. आमच्या या कानडी बाजूच्या गावांत ज्येष्ठी पुनवेला जनावरांचा सण असतो. आमच्या घरी पूजाबिजा नसते, पण अक्का म्हणायची, पूजा करू नका, पर वर्सातनं एक दिस जनावराला आंगूळ घाला, ग्वाड खाऊ घाला, त्याचं नाव घ्या. एरवी गोठ्यात मोकळ्या फिरणाऱ्या गाई त्या दिवशी दाव्याला बांधायच्या, ओळीने, गव्हाणीकडं तोंड करून. मग धुवायच्या, शिंगं रंगवायची, गावातून फिरवून आणायच्या, हुग्गी म्हणजे गव्हाची गुळातली खीर चारायची.

पट्टे पाण्यात भिजले तर काही होत नाही, असं शिवकुमारने सांगितलं होतं. पण पाच महिने न तुटलेल्या लाइनचा मी मालक. मी म्हटलं, धोका नको, पट्टे काढून ठेवू. मी गव्हाणीच्या बाजूने, गाईंच्या तोंडासमोरून गेलो आणि डावीकडून एक ते अकरा असे पट्टे काढून खुंटीला ओळीने अडकवले. खात्यात आम्ही केबलमधल्या तारांच्या जोड्या अशाच मोजायचो, डावीकडून. मिरवणूक झाली, गाई परत आपापल्या दाव्याला बांधल्या. अक्का म्हणाली, पट्टं बघून घाल रं, संघा. पट्टे दिसायला सगळे सारखे, नंबर आतल्या बाजूला बारीक अक्षरात. मी म्हटलं, अक्का, हजार जोड्यांत माझी एक चुकली नाही, हे तर अकरा आहेत. गव्हाणीच्या बाजूला हुग्गीचं मोठं पातेलं ठेवलेलं होतं, जायला जागा नव्हती. म्हणून मी मागच्या बाजूने शिरलो, गाईंच्या मधून गळ्यापर्यंत गेलो आणि डावीकडून, एक ते अकरा, पट्टे घालत गेलो.

समोरून बघताना जे डावं असतं ते मागून बघताना उजवं असतं. हे पहिलीतल्या पोराला कळतं. मला त्या दिवशी कळलं नाही. एक नंबरचा पट्टा अकराव्या गाईला गेला, चार नंबरचा आठव्या गाईला गेला. अकरातली मधली सहावी तेवढी बरोबर राहिली.

चार नंबर म्हणजे मास्तरीण. गोठ्यात सगळ्यात जास्त दूध देणारी, म्हणून तिचा भरडा सगळ्यात जास्त. आठ नंबर म्हणजे चिमणी. नाव चिमणी आणि अंगाने हत्ती. आई मेल्यावर अक्काने तिला वासरू असताना बाटलीने वाढवली होती. ती सात महिन्यांची गाभण होती, दूध आटवलेली होती, तिला पेटी नुसती मूठभर भरडा सोडायची. आता तिच्या गळ्यात मास्तरणीचा पट्टा होता. पेटीने तिला मास्तरीण समजून दिवसाला पाच वेळा भरपूर भरडा सोडला, आणि चिमणीने तो खाल्ला. वर सणाची हुग्गी होतीच.

हे सगळं मला नंतर कळलं. तिसऱ्या दिवशी सकाळी मी कुंभारीतच होतो, तेव्हा एवढंच झालं की फोन ओरडला: चार नंबरच्या गाईचा रवंथ थांबला आहे. मी पळत गोठ्यात गेलो. मास्तरीण आठ्या घालून उभी होती आणि झकास रवंथ करत होती. मी कॉम्प्युटरपाशी आलो. कॉम्प्युटर म्हणत होता, चार नंबर आजारी. परत गोठ्यात, मास्तरीण ठणठणीत. असं चार वेळा झालं. मग माझ्या डोक्यात एकच गोष्ट आली, की लाइन बिघडली. माझी लाइन. जूनअखेरीला नऊ दिवस उरलेले, आणि लाइन खोटं बोलायला लागली.

मी वेड्यासारखा कामाला लागलो. दोन्ही टोकं कापून नवीन बसवली. रस्त्याच्या कडेचा पाइप उकरला. अण्णाराव म्हणाले, मी म्हटलो होतो पूर्व-पश्चिम ओढा. फोन दर तासाला ओरडत होता.

दुपारी अक्का माझ्यापाशी आली. मी खड्ड्यात उतरलेलो होतो. ती काठाला उभी राहिली आणि बिचकत म्हणाली, "चिमणी जरा गप हाय रं. कान गार लागत्यात तिचं."

मी घामाने भिजलेलो, मातीने भरलेलो, आणि माझी अब्रू जाणार म्हणून घाबरलेलो. मी वर आलो, कॉम्प्युटर बघितला. आठ नंबरचा रवंथ उत्तम होता. आणि मी माझ्या थोरल्या बहिणीला म्हणालो, "अक्का, यंत्र सांगतंय ती ठणठणीत आहे. तुझी बोटं बधिर झालीत. तुला गार-गरम कुठून कळणार?"

अक्काने आपल्या हाताकडं बघितलं. म्हणाली, व्हय, ते बी खरंच हाय. आणि घरात गेली.

माझ्या आयुष्यात मी पुष्कळ मूर्खपणे बोललोय. पण एखादं वाक्य परत घ्यायची मुभा मिळाली तर मी ते वाक्य परत घेईन. अक्काला कळलं होतं. बोटांनी नसेल, कशानेही असेल, चाळीस वर्षांनी तिला कळलं होतं. तिने स्वतःवर भरवसा ठेवला नाही. तिने माझ्यावर ठेवला.

संध्याकाळी घरी परतण्याआधी मी चार नंबरची सूचना बंद करून टाकली. सारखं ओरडणं मला सोसेना. अक्काच्या फोनवरचीही बंद केली, तिला त्रास नको म्हणून.

सकाळी अक्काचा फोन आला तेव्हा चिमणी बसली होती, उठत नव्हती. मी पोचलो, डॉक्टर माझ्या आधी पोचले होते. त्यांनी पोटावर हात ठेवला, डोळे बघितले. म्हणाले, भरडा फार झालाय, पोटात आंबलाय, काल दुपारी बोलावलं असतं तर वाचवली असती. तरी त्यांनी सलाइन लावलं. अक्का चिमणीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती आणि ते बधिर हात तिच्या कानांवरून फिरवत होती. दहाच्या सुमाराला चिमणी गेली. पोटातलं वासरूही गेलं. अक्का रडली नाही. पदराने तिने चिमणीच्या शिंगांचा रंग पुसायला सुरुवात केली, आणि तो निघेना.

त्याच वेळी शिवकुमार आला. मीच आदल्या दिवशी तक्रार केली होती. त्याला बिचाऱ्याला काही माहीत नव्हतं. त्याने आधी घरात जाऊन लाइन तपासली आणि आनंदाने बाहेर आला. म्हणाला, काका, लाइन एकदम भारी आहे, पाच महिन्यांत एकदासुद्धा तुटलेली नाही. मग त्याने चिमणीला बघितलं. तो खाली वाकला, तिच्या गळ्यातला पट्टा सोडवून उलटा केला आणि वाचला. "काका," तो म्हणाला, "हा चार नंबर आहे."

मग तो एकेका गाईपाशी जाऊन पट्टे वाचत गेला. मी मागून चालत होतो. पाचव्या गाईपाशीच मला सगळं कळलं होतं, पण तो वाचत राहिला आणि मी ऐकत राहिलो. लाइन सारखं खरं सांगत होती. दर तासाला सांगत होती.

दिपक दुसऱ्या दिवशी आला. अंगणात खुर्च्या टाकल्या होत्या. अण्णाराव होते, अजून दोघं-तिघं होते. दिपकने विचारलं, पट्टे कुणी घातले? मी म्हणालो, मी. मी रात्रभर ठरवलेलंच होतं. चूक माझी आहे, यंत्रात दोष नाही, लाइनीत नाही, अक्कात तर नाहीच, म्हणून गाई राहू देत, असं सगळं मी मनात घोकून आलो होतो.

तेवढ्यात अक्का म्हणाली, "न्हाय. पट्टं म्या घातलं."

दिपकने तिच्या हातांकडं बघितलं, मग माझ्याकडं. आणि मायेने म्हणाला, "मामा, हजार जोड्यांत तुमची एक चुकली नाही, हे मी लहानपणापासून ऐकतोय. अकरा पट्टे तुम्ही चुकवाल? आईला पाठीशी घालू नका."

मी शपथ घेतली. पुढची बाजू, मागची बाजू, हुग्गीचं पातेलं, सगळं सांगितलं. खडूने जमिनीवर आकृती काढून दाखवली. जितकं सविस्तर सांगावं तितकं त्याला ते रचलेलं वाटायला लागलं. तो म्हणाला, मामा, डोकं काय चालतं तुमचं. अण्णारावांनी डोळे पुसले. म्हणाले, भाऊ असावा तर असा. मी ओरडलो, अरे, मीच घातले. दिपकने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि माझ्यासाठी कुणाला तरी पाणी आणायला सांगितलं.

तिला दोन नंबरांतला फरक कळेनासा झाला, म्हणजे तिला आता एकटीला ठेवणं बरोबर नाही, असं ठरलं. गाईंचं नंतर बघू, दिपक म्हणाला. पुढच्याच आठवड्यात दहाही गाई वळसंगच्या एका डेअरीवाल्याने नेल्या. त्याला अक्का प्रत्येकीचं नाव सांगत होती, कुणाला कुठं खाजवलं की आवडतं ते सांगत होती. तो नंबर लिहून घेत होता.

निघायच्या आदल्या दिवशी मी अक्काला विचारलं, का केलंस असं? ती बोचकं बांधत होती. गाठ बसत नव्हती, ती मी मारून दिली. म्हणाली, "आरं, हात तर माजं गेलंच हुतं. तुजं तेवढं नाव हाय की, ऱ्हाऊ दे."

आता मला गावात मान आहे. कुंभारीला गेलो की लोक उठून उभे राहतात. बहिणीची चूक स्वतःच्या अंगावर घेणारा माणूस म्हणून एका कार्यक्रमात माझा सत्कारही होणार होता, तो मी आजारपण सांगून टाळला. फक्त धम्मप्रियाला खरं माहीत आहे. तिने ऐकून घेतलं आणि त्या दिवशी मला चहा दिला नाही.

अक्का पुण्यात सहाव्या मजल्यावर असते. दर रविवारी सकाळी फोन करते. बरी आहेस का, जेवलास का, धम्मप्रिया कशी हाय, हे सगळं होतं. मग ती बोलायची थांबते. मला जुनी सवय, मी 'हॅलो, हॅलो' करतो, फोन हलवतो, गॅलरीत जातो. लाइन चांगली चालू असते. पलीकडं अक्का रडत असते.